पुराव्यावर आधारित परिचर्या : बेळगाव सीमाभागातील परिचारिकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी आणि आसपासच्या भागातील रुग्णालयांत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत व उपकेंद्रांत काम करणाऱ्या मराठी भाषक परिचारिका आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. आपले शिक्षण इंग्रजीत होते, सरकारी रजिस्टर बहुधा कन्नडमध्ये भरावे लागते आणि खाटेवरची आजी मराठीत बोलते, त्यामुळे संशोधनाविषयी आपल्या भाषेत निवांत बोलण्याची वेळ क्वचितच येते. औषधाचा डोस किंवा वैद्यकीय आदेश म्हणून या उत्तरांचा वापर करू नये. त्यासाठी आपल्या संस्थेचा प्रोटोकॉल आणि उपचार करणारे डॉक्टर आहेतच.

पुराव्यावर आधारित परिचर्या म्हणजे नेमके काय?

डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली पुराव्यावर आधारित वैद्यकाची जी मांडणी केली, तीच थोड्या फरकाने परिचर्येतही वापरली जाते. उपलब्ध संशोधनातील सर्वांत भरवशाचा पुरावा, काम करणाऱ्या व्यक्तीचा अनुभव आणि रुग्णाची परिस्थिती व इच्छा, या तिन्हींचा मेळ घालून निर्णय घ्यावा, असे ती सांगते. यातील एकाच गोष्टीवर भर दिला की काम बिघडते.

व्याख्येपेक्षा उदाहरणाने हे लवकर कळते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पाठ स्पिरिटने चोळून वर पावडर लावायची, लाल झालेल्या जागी जरा जास्त चोळायचे आणि टाचेखाली पाणी भरून गाठ मारलेला ग्लोव्ह ठेवायचा, असे आमच्यापैकी अनेकींना पहिल्याच वर्षी शिकवले गेले. हे काम आम्ही मनापासून केले आणि नातेवाइकांनाही ते पाहून बरे वाटत असे. प्रत्यक्षात दाबामुळे लाल झालेल्या जागेखालील ऊती आधीच दुखावलेल्या असतात, त्यामुळे ती जागा जोराने चोळल्यास इजा वाढण्याचा धोका असतो. स्पिरिटने कातडी कोरडी पडते. आणि पाण्याचा ग्लोव्ह किंवा मधे भोक असलेली गोल उशी दाब कमी करण्याऐवजी तो कडेच्या भागावर आणते. म्हणूनच बेडसोअरविषयीच्या (दाबामुळे होणाऱ्या जखमांविषयीच्या) आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना जोराने चोळणे, पाण्याचा ग्लोव्ह आणि गोल उशी टाळायला सांगतात. पिंढरीखाली लांब उशी देऊन टाच पूर्णपणे अधांतरी ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे आणि त्याला वेगळा खर्च येत नाही. लालसरपणा शोधण्याची सवयही आपल्याकडे थोडी बदलावी लागते, कारण सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तेथे बोटांनी चाचपून जागा कोमट, कडक किंवा पिठासारखी मऊ लागते का, हे पाहावे लागते.

हे सगळे संशोधन परदेशातले असते. आपल्या खेड्यांशी त्याचा काय संबंध?

हा प्रश्न जितक्या वेळा विचारला जातो, तितक्या वेळा आम्हाला वाईट वाटते, कारण बाळंतपणातील रक्तस्रावाविषयी जगभर सांगितला जाणारा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच जिल्ह्यात झाला आणि त्यातील प्रत्यक्ष काम परिचारिकांनी केले.

सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील १,६२० बाळंतिणींवर हा अभ्यास झाला. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि अमेरिकेतील संशोधकांनी तो मिळून केला. बाळंतपणे घरी किंवा उपकेंद्रात होत होती. पंचवीस एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका) सिस्टरांनी ती केली, बाळ जन्मल्यावर गर्भाशय आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्या किंवा हुबेहूब तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या दिल्या आणि पुढे दोन तास किती रक्त गेले ते मोजले. कोणाला कोणती गोळी मिळाली, हे सिस्टरलाही ठाऊक नव्हते. ५०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्तस्राव होण्याचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले आणि तीव्र रक्तस्रावाचे प्रमाण १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आले. थंडी वाजणे आणि ताप येणे हे त्रास मात्र औषध घेतलेल्या बायकांत जास्त दिसले, आणि तेही निष्कर्षात स्पष्ट नोंदवलेले आहे. हा अभ्यास २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने, त्याच कामाचे ऑक्सिटोसिन इंजेक्शन उपलब्ध नसेल किंवा सुरक्षितपणे देता येत नसेल अशा ठिकाणी रक्तस्राव रोखण्यासाठी, या औषधाचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

या अभ्यासातील मोजमाप तर आणखी शिकण्यासारखे आहे. त्याआधी बाळंतपणात किती रक्त गेले, हे डोळ्यांनी पाहून सांगितले जाई; “दोन लुगडी भिजली” किंवा “नेहमीएवढेच गेले” अशी नोंद होई. येथे बाळंतिणीच्या कमरेखाली खुणा केलेली, फनेलसारखी निमुळती प्लास्टिकची पिशवी ठेवण्यात आली आणि त्यात साठलेले रक्त मिलिलिटरमध्ये वाचण्यात आले. डोळ्यांचा अंदाज आणि पिशवीतील माप यांची तुलना केली, तेव्हा अंदाज सुमारे ३३ टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे ६०० मिलिलिटर रक्त गेलेली बाई अंदाजात ४०० वर बसते आणि धोक्याच्या रेषेच्या अलीकडे राहते. याच प्रकारची मोजमापाची पिशवी आणि तातडीच्या उपचारांचा एकत्रित संच केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया या देशांतील ८० रुग्णालयांत तपासला गेला आणि २०२३ साली त्याचे निष्कर्ष आले. पिशवी व संच वापरलेल्या रुग्णालयांत ९३ टक्के रक्तस्राव वेळेत ओळखले गेले, तर नेहमीच्या पद्धतीने चालणाऱ्या रुग्णालयांत ५१ टक्के. आणि तीव्र रक्तस्राव, त्यापायी करावी लागणारी पोट उघडण्याची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांच्या तुलनेत १.६ टक्के राहिले.

१२ टक्के आणि ६.४ टक्के यांचा अर्थ कसा लावावा?

जाहिरातीत हाच निष्कर्ष “रक्तस्राव जवळपास निम्म्यावर” असा लिहिला जाईल आणि तो खोटा नसेल. आपण मात्र वजाबाकी करावी. शंभर बाळंतिणींमागे १२ ऐवजी साधारण ६.४ जणींना रक्तस्राव झाला, म्हणजे ५.६ जणींचा रक्तस्राव टळला. शंभराला ५.६ ने भागले की साधारण १८ येते. अठरा बाळंतिणींना औषध दिले, तर एकीचा रक्तस्राव टळतो, असा त्याचा अर्थ. तीव्र रक्तस्रावासाठी हाच हिशेब केला, तर फरक शंभरामागे फक्त एक आहे. निष्कर्ष वाचताना “कितीपैकी किती” हे दोन्ही गटांसाठी लिहून काढण्याची सवय लावल्यास संख्याशास्त्राची भीती बरीच कमी होते.

आपल्या भागात एखादा अभ्यास यशस्वी झाला, म्हणजे ती पद्धत डोळे मिटून स्वीकारावी का?

स्वीकारू नये. त्याची दोन उदाहरणे आपल्या जवळचीच आहेत आणि दोन्ही थोडी अस्वस्थ करणारी आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची चेकलिस्ट २०१० साली कर्नाटकातील एका उपजिल्हा पातळीवरील प्रसूती केंद्रात तपासली गेली. प्रत्येक बाळंतपणात अपेक्षित असलेल्या २९ कृतींपैकी सरासरी १० कृतीच आधी होत होत्या. चेकलिस्ट आल्यावर त्या २५ पर्यंत गेल्या. पण हा अभ्यास एका केंद्रातील आधी आणि नंतर अशा तुलनेचा होता. मग उत्तर प्रदेशातील १२० आरोग्य केंद्रांत, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली आले. कृती तेथेही वाढल्या. परंतु माता व नवजात मृत्यूंत फरक पडला नाही. चेकलिस्ट टाकाऊ आहे, असा याचा अर्थ आम्ही घेत नाही. यादीवर खूण करणारी सिस्टर आहे, पण गुंतागुंत झाल्यावर रक्त, शस्त्रक्रिया आणि बालरोगतज्ज्ञ उपलब्ध नाहीत, तर केवळ यादी कुठवर पुरणार, हा आमचा प्रश्न आहे.

दुसरे उदाहरण दिवस भरण्याआधी होणाऱ्या बाळंतपणात आईला दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइड इंजेक्शनचे आहे. मोठ्या रुग्णालयांत त्याने बाळांचे फुप्फुस तयार होण्यास मदत होते, हे आधीच सिद्ध झाले होते. तेव्हा ते खालच्या पातळीपर्यंत पोहोचवावे, या हेतूने सहा देशांत मोठी चाचणी झाली. त्यात भारतातील बेळगाव आणि नागपूर ही केंद्रे होती. २०१५ साली आलेल्या निष्कर्षाने सर्वांनाच चकित केले. सर्व बाळांचा एकत्रित विचार करता पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू दर हजारी २३.९ ऐवजी २७.४ असे वाढलेले दिसले. गर्भाचे आठवडे नेमके माहीत नसल्याने ज्या मातांना इंजेक्शनची गरज नव्हती, अशा अनेक मातांना ते दिले गेले होते. त्यानंतर भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत, गर्भाचे वय नीट ठरवून आणि बाळाची काळजी घेण्याची सोय असलेल्या ठिकाणी चाचणी झाली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत नवजात मृत्यूंचे प्रमाण २३.५ टक्क्यांच्या तुलनेत १९.६ टक्के दिसले. औषध तेच होते, पण परिस्थिती बदलली आणि परिणाम उलटला. म्हणून कोणताही अभ्यास वाचताना त्यातील रुग्णालयात काय काय होते, हा परिच्छेद आधी वाचावा, असे आम्ही विद्यार्थिनींना सांगतो. बहुतेक जणी तोच परिच्छेद गाळतात.

प्रश्न कसा तयार करावा? गुगलवर शोधले की हजारो पाने येतात.

रुग्ण कोण, आपण काय करणार, त्याची तुलना कशाशी आणि कोणता परिणाम पाहायचा, या चार भागांत प्रश्न लिहून काढला की शोध आटोक्यात येतो. “सलाईनच्या सुईविषयी माहिती” हा प्रश्न नव्हे. “वॉर्डातील प्रौढ रुग्णांत हातातील कॅन्युला (शिरेत बसवलेली सलाईनची नळी) दर ७२ ते ९६ तासांनी न चुकता बदलण्याऐवजी, सूज, दुखणे किंवा गळती दिसल्यावरच बदलली, तर शीर सुजण्याचे प्रमाण वाढते का?” हा प्रश्न आहे.

ऑस्ट्रेलियात ३,२८३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गटांत शीर सुजण्याचे प्रमाण ७ टक्केच निघाले. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यानेही ठळक फरक दिसत नसल्याचे सांगितले आणि पुष्कळ ठिकाणी ठरावीक दिवशी कॅन्युला बदलण्याचा नियम सुटला. त्यानंतर जिनेव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांतील नोंदींचा एक अभ्यास २०२१ साली आला. तेथे ठरावीक वेळेचा नियम काढल्यानंतर रक्तातील जंतुसंसर्ग वाढलेला आढळला आणि नियम परत आणल्यावर तो कमी झाला.

मग आपण काय करावे? आमचे मत असे की, प्रत्येक पाळीत कॅन्युलाची जागा उघडून पाहिली जाते आणि त्याची नोंद होते, अशी खात्री असेल, तरच “गरज पडल्यावर बदलू” हे धोरण सुरक्षित ठरते. रात्रपाळीला चाळीस खाटांमागे एकच सिस्टर असेल आणि पट्टीखाली काय चालले आहे हे कोणी पाहणार नसेल, तर ठरावीक दिवशी बदलण्याचा जुना नियम निदान एक कुंपण तरी घालतो. आणि ज्या कॅन्युलाची आज गरजच नाही, ती आजच काढावी, याबाबत कोणत्याही अभ्यासात दुमत नाही.

पुरावा कुठे शोधावा? इंग्रजी फार चांगले नाही.

‘पबमेड’ या विनामूल्य संकेतस्थळावर जवळजवळ प्रत्येक वैद्यकीय अभ्यासाचा सारांश मिळतो आणि काहींचा संपूर्ण मजकूरही मिळतो. कॉक्रेनच्या प्रत्येक आढाव्यासोबत सोप्या भाषेतील सारांश असतो. तो आधी वाचावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना फुकट उतरवून घेता येतात. वेळ थोडा असेल, तर एकेका अभ्यासापेक्षा अलीकडच्या मार्गदर्शक सूचनांपासून सुरुवात करणे केव्हाही चांगले.

एक छोटी सूचना. आपल्या जिल्ह्यातील संशोधन शोधताना शहराच्या नावाची जुनी आणि नवी, अशी दोन्ही इंग्रजी स्पेलिंगे (Belgaum आणि Belagavi) टाकावीत. नाव २०१४ साली अधिकृतपणे बदलले, त्यामुळे नव्या नावाने शोधल्यास मिसोप्रोस्टॉलचा अभ्यास आणि त्या काळातील इतर कामे हाताला लागत नाहीत. आमच्या एका विद्यार्थिनीने “बेळगावात काहीच संशोधन झालेले नाही” असे आपल्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर लिहून आणले होते.

“आमच्याकडे पूर्वीपासून असेच करतात,” असे वरिष्ठ म्हणतात. तेव्हा काय करावे?

वाद घालू नये आणि गप्पही बसू नये. बहुतेक जुन्या पद्धतींमागे कधीकाळी चांगले कारण होते. ते कारण आज उरले आहे का, हे आदराने विचारता येते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही न देण्याची पद्धत घ्या. भूल देताना पोटातील अन्न श्वासनलिकेत जाऊ नये, हे त्यामागचे कारण आजही खरे आहे. परंतु भूलतज्ज्ञांच्या प्रचलित मार्गदर्शक सूचनांनुसार, ठरवून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत निरोगी व्यक्तीला भुलेच्या दोन तास आधीपर्यंत पाण्यासारखे स्वच्छ पेय आणि सहा तास आधीपर्यंत हलका आहार चालतो. आपल्याकडे प्रश्न चहाचा येतो. बिनदुधाचा चहा स्वच्छ पेयात मोडतो. दुधाचा चहा मात्र आहारासारखा धरावा लागतो आणि ताकही त्यातच येते. पोट रिकामे होण्यास वेळ लागणारे रुग्ण, तातडीची शस्त्रक्रिया आणि बाळंतपणाच्या कळा सुरू असलेल्या स्त्रिया यांचा निर्णय भूलतज्ज्ञांनीच घ्यायचा असतो.

एका रुग्णालयात आम्ही काम करत असताना सकाळच्या यादीतील शेवटचा रुग्ण दुपारी दोनला आत जाई. म्हणजे चौदा तास कोरडा घसा घेऊन तो बसलेला असे. एक वयस्कर शेतकरी दर अर्ध्या तासाने उठून माठाकडे पाहून परत येत होते, ते अजून आठवते. मेट्रनबाईंना मार्गदर्शक सूचनांचा कागद दाखवून काही झाले नाही. आम्ही आठवडाभर फक्त दोन वेळा लिहिल्या, रुग्णाने शेवटचे पाणी कधी प्यायले आणि भूल कधी दिली. ती यादी भूलतज्ज्ञांनी पाहिली आणि पुढच्या महिन्यापासून यादीतील क्रमानुसार पाणी देण्याची वेळ ठरवली गेली. परदेशातील अभ्यासापेक्षा आपल्याच वॉर्डातील सात दिवसांचे आकडे वरिष्ठांना जास्त पटतात, असा आमचा अनुभव आहे.

शस्त्रक्रियेच्या जागेचे केस वस्तऱ्याने काढणे हेही असेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचनांनुसार केस काढूच नयेत, अगदी आवश्यक असल्यास क्लिपरने कापावेत. वस्तरा वापरू नये, कारण त्याच्या बारीक जखमांतून जंतुसंसर्ग वाढतो.

मनुष्यबळच अपुरे असताना पुराव्याच्या गोष्टी कशाला?

तक्रार रास्त आहे आणि तिच्या बाजूनेही पुरावा आहे. युरोपातील नऊ देशांतील ३०० रुग्णालयांच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एका परिचारिकेवरील रुग्णसंख्या एकाने वाढली, की शस्त्रक्रियेचा रुग्ण दाखल झाल्यापासून ३० दिवसांच्या आत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे आढळले. हा कागद मागणीपत्रासोबत जोडावा. दरम्यान, स्पिरिटने पाठ चोळणे, न लागणारी कॅन्युला सांभाळणे, एकच माहिती तीन रजिस्टरांत लिहिणे अशी उपयोग नसलेली कामे शोधून काढणे, हाही पुराव्यावर आधारित परिचर्येचाच भाग आहे.

बदल केल्यावर सुधारणा झाली, हे कसे ओळखावे?

भाजकाशिवाय आकडा लिहू नये. “या महिन्यात तीन जणांना बेडसोअर झाले” यातून काहीच कळत नाही. किती रुग्ण खिळलेले होते आणि किती दिवस, हे सोबत लागते. लघवीच्या नळीचा संसर्ग दर हजार नळी-दिवसांमागे मोजतात; एका रुग्णाला एक दिवस नळी असली की एक नळी-दिवस. त्यासाठी रोज एका ठरावीक वेळी, समजा सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना, किती रुग्णांना नळी आहे, एवढा एकच आकडा वहीत लिहिला तरी पुरतो.

हात धुण्याचे निरीक्षण करताना आणखी एक अडचण येते. वहीपेन घेऊन कोणी उभे राहिले की सगळेच हात धुऊ लागतात. म्हणून महिन्याकाठी वॉर्डात किती हँडरब (हातांना चोळायचे जंतुनाशक) संपले, याचाही हिशेब ठेवावा. बाटली कोणाला पाहून रिकामी होत नाही. छोट्या प्रमाणावर करून पाहणे, मोजणे, दुरुस्त करणे आणि मग वाढवणे, हा क्रम राष्ट्रीय गुणवत्ता मानकांच्या आणि प्रसूतिगृहांसाठीच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाच्या तपासणीतही उपयोगी पडतो.

अशा मोजणीसाठी नैतिकता समितीची परवानगी लागते का?

स्वतःच्या वॉर्डातील नेहमीचे काम सुधारण्यासाठी केलेली, रुग्णाची ओळख उघड न करणारी मोजणी ही साधारणपणे अंतर्गत तपासणी समजली जाते. ती प्रसिद्ध करायची असेल, प्रबंधात वापरायची असेल किंवा रुग्णावर नेहमीपेक्षा वेगळे काही करायचे असेल, तर काम सुरू करण्यापूर्वी समितीकडे अर्ज करावा. नंतर परवानगी मिळत नाही.

रुग्ण मराठी, फॉर्म कन्नड किंवा इंग्रजी. यात पुरावा कुठे बसतो?

आमच्या मते सीमाभागातील परिचर्येचा सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. संमतिपत्रावर अंगठा उमटला, म्हणजे रुग्णाला समजले, असे होत नाही. माहिती सांगून झाल्यावर “समजलं का?” असे विचारले, तर प्रत्येक जण मान हलवतो. त्याऐवजी “घरी गेल्यावर सूनबाईला ही गोळी कधी घ्यायची म्हणून सांगाल, ते मला सांगा बघू, मावशी,” असे विचारावे. रुग्णाने स्वतःच्या शब्दांत परत सांगण्याची ही पद्धत जगभर सुचवली जाते आणि ती कोणत्याही भाषेत चालते. कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या रुग्णाबाबत आपण मराठी परिचारिकांनीही हेच पथ्य पाळायला हवे. तोडकेमोडके कन्नड बोलून आपले काम भागले, तरी त्यांचे भागले असेलच असे नाही.

वेदना मोजण्याची शून्य ते दहाची पट्टीही अशीच अडते. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या दिवशी एका आजींना “दहापैकी किती दुखतंय?” असे विचारले, तेव्हा त्या नुसत्या पाहत राहिल्या. शेजारच्या खाटेवरील बाईंनी “रुपयातलं किती आणे दुखतंय, म्हातारे?” असे विचारताच आजी म्हणाल्या, “काल सोळा आणे, आज सा आणे.” आम्ही त्या पाळीत आण्यांतच नोंद ठेवली आणि कंसात दहाच्या पट्टीवरील आकडा लिहिला. अशा रूपांतराला शास्त्रीय मान्यता नाही, हे खरे; पण त्याच रुग्णाची कालची आणि आजची वेदना ताडून पाहण्यास ते पुरेसे होते. चेहऱ्यांची चित्रे असलेली पट्टी मिळाली, तर ती वापरावी.

रुग्ण पुढे कोल्हापूरला किंवा मिरजेला जातो. तेव्हा काय काळजी घ्यावी?

राज्य बदलले तरी रुग्णाचे शरीर तेच असते, परंतु कागद बदलतात. रेफरलच्या चिठ्ठीवर कन्नडमधील शिक्क्याखेरीज इंग्रजीत चार गोष्टी अवश्य असाव्यात: सध्या काय झाले आहे, आधीची पार्श्वभूमी, आपले निरीक्षण आणि आपली अपेक्षा. दिलेल्या औषधांच्या वेळा लिहाव्यात. “सकाळी दिले” एवढे पुरत नाही.

घरच्या समजुतींना पुराव्याच्या आधारे विरोध करावा का?

सरसकट विरोध करू नये. प्रत्येक गोष्ट वेगळी पाहावी. नाळेला हळद, राख किंवा शेण लावणे धोक्याचे आहे आणि ते स्पष्टपणे सांगावे. नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवणे पुरेसे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या सूचनांनुसार, अशा घातक वस्तू लावण्याची पद्धत जेथे रूढ आहे, फक्त तेथेच पहिल्या आठवड्यात रोज क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक लावावे. म्हणजे आपल्या भागात ते हवे की नको, हे ठरवण्यासाठी आधी घरोघरी काय लावतात, ते विचारावे लागते. आणि ते आशाताईंना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. बाळाला जन्मल्याबरोबर न्हाऊ घालण्याची घाई मात्र टाळावी, पहिली आंघोळ २४ तासांनंतर.

कमी वजनाच्या बाळासाठी कांगारू मातृ सेवा दिवसातून तासभर दिली तर चालते का?

बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरण्याची ही पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात सुरू झाली, कारण तेथे इन्क्युबेटर अपुरे होते. पुढे ती नाइलाजाचा उपाय राहिली नाही. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील पाच रुग्णालयांत, एक किलो ते १.८ किलोच्या आतील ३,२११ बाळांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही सेवा सुरू केली असता पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू १५.७ टक्क्यांच्या तुलनेत १२ टक्के राहिले. फायदा इतका स्पष्ट दिसला, की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली.

त्या चाचणीत आईची खाट बाळाच्या अतिदक्षता विभागातच होती, हे येथे लक्षात घ्यावे. आपल्याकडे आई एका मजल्यावर, बाळ दुसऱ्या मजल्यावर आणि भेटीची वेळ संध्याकाळी चार ते पाच, अशी व्यवस्था असेल, तर तासाभरापलीकडे सेवा जाणारच नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास सांगते. आई थकली की आजी, मावशी किंवा वडील बाळाला छातीशी घेऊ शकतात. सदरा काढून, बाळाला पंच्याने छातीशी बांधून, दोन्ही हात तसेच धरून अवघडून बसलेला बाप पहिल्या दिवशी श्वासही जपून घेतो, तिसऱ्या दिवशी तोच ड्युटीवरच्या सिस्टरला सांगतो, “आता माझी पाळी हाय, तिला झोपू द्या.”